टायर-मातीची जाड भिंत, म्हणजे घर उबदारच?

जुन्या टायरांत माती ठासून उभारलेल्या ‘अर्थशिप’ घरांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: भिंत जाड, म्हणजे घर कुठेही आपोआप उबदार. तसं नाही. माती उष्णता साठवते, अडवत नाही.

वास्तुविशारद मायकेल रेनॉल्ड्स यांनी ही घरं अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या टाओसला रुजवली. तिथे थंडी कडक, पण ऊनही भरपूर. दक्षिणेच्या काचेतून आलेलं ऊन भिंत दिवसा शोषते, रात्री परत देते. आठवडाभर ढग राहिले, की साठवायलाच काही नसतं. उलट तीच भिंत खोलीतली ऊब ओढून तिच्या पाठीशी रचलेल्या भरावाच्या गार मातीत सोडते, वर दमट हवेचं पाणी तिच्यावर धरतं ते वेगळंच. म्हणून नंतरच्या आराखड्यांत मागच्या भरावात उष्णतारोधक थर आला. तो बहुधा फोमचा असतो, हे ‘निव्वळ नैसर्गिक’वाले सहसा सांगत नाहीत!