डेक्स्टरची लॅब: १९९९ चा शेवट आणि २००१ ची सुरुवात

‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ ही घरात गुपचूप लॅब चालवणाऱ्या छोट्या शास्त्रज्ञाची, डेक्स्टरची, आणि तिथे घुसून सगळं मोडणाऱ्या त्याच्या बहिणीची, डीडीची, कार्टून मालिका. ती मोठेपणी पुन्हा पाहायला घेतली की बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो. काही भाग लहानपणी वाटले होते तितकेच भारी वाटतात, काही मात्र परके वाटतात. चेहरे तेच, लॅब तीच, पण डेक्स्टरचा आवाज बदललेला, रंग चकचकीत झालेले आणि त्याचा प्रतिस्पर्धी मॅन्डार्क तर दुसराच कुणीतरी. यात आपल्या आठवणीचा काही दोष नाही. एकाच नावाखाली दोन मालिका आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये एक निर्णय आहे. त्यावर चाहते आजही भांडतात.

आपल्याकडे हा फरक त्या वेळी लक्षात येणं कठीणच होतं. मालिका ज्या वाहिनीवर लागायची ती कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला आली. सुरुवातीची काही वर्षं रात्री कार्टून संपलं की त्याच जागी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. महाराष्ट्रातल्या मुलांनी डेक्स्टर कुणी इंग्रजीत पाहिला, कुणी हिंदीत. भाग रिपीट व्हायचे, क्रमाचा पत्ता नसायचा. शाळेतून आल्यावर जो लागेल तो बघायचा. १९९६ चा भाग आणि २००२ चा भाग एकाच आठवड्यात पाहिला, तर त्यांच्यामध्ये काय घडून गेलं हे पोराला कुठून कळणार?

शोधक मुलाची गोष्ट मुळात फार जुनी. अमेरिकेत टॉम स्विफ्ट नावाच्या तरुण संशोधकाची पुस्तकं १९१० पासून निघत होती. पण डेक्स्टरचा जन्म संशोधकापासून झालाच नाही, तो झाला नाचणाऱ्या मुलीपासून. त्याच्या निर्मात्याने आधी एक उंच, सडपातळ बॅलेरिना काढली होती. तिच्यासमोर अगदी उलट आकाराचं कुणीतरी हवं, म्हणून बुटका, चौकोनी मुलगा आला, आणि तो बेतला निर्मात्याच्या स्वतःच्या मोठ्या भावावर. म्हणजे डीडी आधी, डेक्स्टर नंतर. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढे शेवटाच्या वेळी तो कामाला येतो.

हा निर्माता मॉस्कोत जन्मलेला, सात वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. कॅलिफोर्नियात ॲनिमेशन शिकताना त्याने या जोडीवर छोटी फिल्म केली. मग नव्या लोकांना संधी देणाऱ्या लघुपटांच्या एका उपक्रमात १९९५ मध्ये तिचा सात मिनिटांचा भाग झाला. त्यात बहीण-भाऊ एका यंत्राने एकमेकांना वेगवेगळ्या प्राण्यांत बदलत राहतात. तो इतका आवडला की त्या उपक्रमातून पूर्ण मालिका मिळालेलं हे पहिलंच काम ठरलं. एप्रिल १९९६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा निर्माता सव्वीस वर्षांचा होता.

तिचं दिसणं मुद्दाम साधं ठेवलेलं होतं. जाड काळ्या रेषा, भौमितिक आकार, हालचाली कमी आणि पोझ ठसठशीत. यामागे १९४२ च्या ‘डोव्हर बॉइज’ या कार्टूनचा प्रभाव आहे, हे निर्मात्याने स्वतः सांगितलंय. बजेट कमी असताना हसवायचं कसं, याचं उत्तर त्या जुन्या पद्धतीत सापडलं. पात्र एका पोझमधून दुसरीत सपकन जातं आणि तिथे थांबतं. हसू येतं ते त्या थांबण्यावर.

डेक्स्टरच्या परदेशी उच्चारांचंही असंच. आई-वडील, बहीण सगळे सरळ अमेरिकन बोलतात, मग हा एकटाच असा का? त्याला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीचं म्हणणं, शास्त्रज्ञ म्हटला की काहीतरी ढंग हवा हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याने तो स्वतःच लावून घेतलाय. पुन्हा पाहताना मला हे सगळ्यात जास्त भावलं. एवढासा मुलगा आरशासमोर उभा राहून शास्त्रज्ञ व्हायचा सराव करत असेल, हे त्या एका उच्चारात येऊन जातं. ‘द बिग चीज’ या भागात तो झोपेत रेकॉर्ड लावून फ्रेंच शिकायला जातो, सुई अडकते आणि सकाळी तोंडातून फक्त ‘ऑम्लेत द्यु फ्रोमाज’ निघतं. फ्रेंच माणूस तिथे ‘ओ फ्रोमाज’ म्हणेल. संपूर्ण भाग त्या चुकीच्या तीन शब्दांवर चालतो, आणि एवढ्यावर तो पेलतो तो निव्वळ आवाजाच्या जोरावर.

पहिली मालिका जून १९९८ मध्ये संपली. दोन सिझन, बावन्न भाग. त्याच वर्षी याच टीममधल्या एकाने ‘पॉवरपफ गर्ल्स’ आणली. मग डिसेंबर १९९९ मध्ये आला ‘इगो ट्रिप’ हा टीव्ही-चित्रपट, आणि वादाचं मूळ इथे आहे.

त्यात भविष्यातून रोबो येतात, ‘ज्याने भविष्य वाचवलं त्याला’ नष्ट करायला. डेक्स्टर अर्थातच ते स्वतःबद्दल आहे असं धरतो आणि काळाच्या प्रवासाला निघतो. वाटेत त्याला मोठेपणीचे डेक्स्टर भेटतात. एक तर मॅन्डार्कच्या हाताखाली निमूट खर्डेघाशी करणारा. शेवटी सगळे डेक्स्टर मिळून सगळ्या मॅन्डार्कांशी लढतात, आणि तेवढ्यात डीडी येऊन नेहमीसारखं एक बटण दाबते. भविष्य वाचतं ते त्या बटणामुळे. चिडलेले डेक्स्टर रोबो बनवून भूतकाळात पाठवतात, भविष्य वाचवणाऱ्या डीडीला धडा शिकवायला. हेच ते सुरुवातीचे रोबो.

बावन्न भाग जी मुलगी बटण दाबून सगळं मोडत आली, तिच्याच बटणाने सगळं वाचलं, आणि भावाला ते शेवटपर्यंत मान्य झालं नाही. गोष्ट जिच्यापासून सुरू झाली होती तिच्यापाशीच संपली. याहून चोख शेवट कुठल्या कार्टूनला मिळाल्याचं मला आठवत नाही.

आणि तरीही नोव्हेंबर २००१ मध्ये मालिका पुन्हा सुरू केली गेली. निर्माता त्यात नव्हता, त्याची ‘सामुराई जॅक’ त्याच ऑगस्टमध्ये सुरू झाली होती. सूत्रं पहिल्या मालिकेवर काम केलेल्या एका सहकाऱ्याकडे गेली. वाहिनीच्या बाजूने पाहिलं तर निर्णय समजतो: पात्रं लोकप्रिय, प्रेक्षक तयार, माणूस घरातलाच. शिवाय संशोधक मुलांचे दिवस होते. त्याच डिसेंबरमध्ये जिमी न्यूट्रॉनचा सिनेमा थेटरांत आला.

पण फरक पडायचा तो पडला. सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, हाताने रंगवण्याची पद्धत गेली, रंगकाम संगणकावर आलं. मूळ अभिनेत्रीने सुरुवातीचे काही भाग केले आणि मग ती या व्यवसायातूनच निवृत्त झाली. पुढचे भाग दुसऱ्या अभिनेत्रीच्या आवाजात आहेत. तिने मेहनत घेतली आहे, तरी तो जुना उच्चार आता नक्कल वाटतो.

सगळ्यात जास्त भांडण मॅन्डार्कवरून होतं. पहिल्या मालिकेत तो डेक्स्टरच्या तोडीचा, आणि डीडीच्या प्रेमात पडलेला. ती समोर आली की त्याची सगळी ऐट गळून जायची. नव्या भागांत त्याला हिप्पी आई-वडील मिळाले, खरं नाव सुझन ठरलं, आणि तो त्याच रागापोटी दुष्ट झाला असं सांगितलं गेलं. काहींना ही पार्श्वकथा आवडते, त्यांना पात्र खोल झालं असं वाटतं. मला ते पटत नाही. जो डीडीपुढे विरघळायचा त्याला कारणांची गरज नव्हती, आणि कारणं दिल्यावर तो नेहमीचा खलनायक झाला. दोन सिझन, सव्वीस भाग, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये मालिका कायमची थांबली. ‘इगो ट्रिप’नंतरचं असं काही या भागांत घडतच नाही, त्यामुळे क्रमाने पाहणाऱ्याला शेवटानंतर पुन्हा मधलं सुरू झाल्यासारखं वाटतं.

त्यानंतरची एक नोंद मूळ टीमच्या खात्यात जाते. ‘रूड रिमूव्हल’ हा भाग १९९७ मध्ये तयार होता: उद्धटपणा काढून टाकणारं यंत्र बहीण-भावाच्या दोन-दोन आवृत्त्या करतं, एक अतिसभ्य, दुसरी शिवराळ. शिव्यांवर बीप टाकूनही तो टीव्हीवर लागला नाही. वर्षानुवर्षं काही संमेलनांत दाखवला गेला, बाकीच्यांसाठी ती ऐकीव गोष्टच राहिली. जानेवारी २०१३ मध्ये तो अधिकृतपणे इंटरनेटवर आला. त्यात जुना आवाज आहे आणि जुनी जाड रेषाही.

पुन्हा पाहायला बसणाऱ्याने १९९६ ते ९८ चे भाग आधी घ्यावेत, मग ‘इगो ट्रिप’. २००१ नंतरचे त्यापुढे, वेगळी मालिका समजून.