माळ्यावरचा थर: वीजजाळ्याबाहेरच्या घरांची पार्श्वभूमी

वीजजाळ्याशी न जोडलेल्या घराचा विषय निघाला की बोलणं सौर पॅनेल आणि बॅटरीपासून सुरू होतं. माझ्या मते ते माळ्यापासून सुरू व्हायला हवं. वीज येण्याआधी सगळीच घरं जाळ्याबाहेरची होती, आणि थंड मुलखातली माणसं छताखाली गवत, भुसा, वाळलेलं समुद्री गवत, मिळेल ते दाबून भरत. घरातली ऊब धरून ठेवते ती त्यात अडकलेली स्थिर हवा. बाकीचं सामान ती हवा धरून ठेवण्यापुरतं. १८९० च्या दशकात बॉस्टनमध्ये हेच समुद्री गवत कागदाच्या दोन थरांत शिवून 'कॅबट्स क्विल्ट' नावाने विकलं जाऊ लागलं.

धातू वितळवल्यावर उरणाऱ्या मळीची लोकर त्याआधीच युरोपात निघत होती. काचेच्या तंतूंची काचलोकर आली १९३० च्या दशकात. थर जाड झाला तसा एक नवाच त्रास सुरू झाला: खोलीतली दमट हवा फटींतून वर जायची, थंड छताला आतून पाणी सुटायचं आणि लाकूड कुजायचं. म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेच्या गृहकर्ज हमी खात्याने माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/३०० इतके झरोके ठेवण्याचा नियम केला. फटी बुजवणं झरोक्यांपेक्षाही महत्त्वाचं, हे पटायला मात्र पुढची काही दशकं गेली.

ते पटवलं १९७३ च्या तेलसंकटाने. १९७७ मध्ये कॅनडातल्या रेजायना शहरात 'सस्कॅचवान कॉन्झर्वेशन हाउस' उभं राहिलं. हिवाळा हाडं गोठवणारा, तरी घर तापवायला भट्टी नाही. छताला आर-६० चा थर ('आर' हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचं माप, जास्त तितकं चांगलं), फटी कसोशीने बंद. त्यावर महागडी सौर उष्णतायंत्रणाही बसवली होती. तिने डोकेदुखीच जास्त दिली. गरज मुळातच घटवली होती ती थराने आणि बंद फटींनी. पॅनेल आणि बॅटरी मोजून घेणाऱ्याला याहून उपयोगी दाखला मला माहीत नाही.

जुनं घर घेऊन ते जाळ्याबाहेर नेणाऱ्यांनी एक जपावं. उत्तर अमेरिकेतल्या कित्येक माळ्यांवर व्हर्मिक्युलाइट या हलक्या, उष्णता अडवणाऱ्या खनिजाचे चमकदार खडे पसरलेले सापडतात. त्यातला मोठा वाटा अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीचा, आणि त्या खनिजात फुप्फुसांना घातक असलेलं अॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण १९९० मध्ये बंद झाली, खडे माळ्यांवरच राहिले. ते न ढवळता आधी तज्ज्ञाला बोलवावं.