पार्श्वभूमी : उजळाईवाडीचा रनवे आणि पंखावरचं ओझं

कोल्हापूरला मोठं विमान कधी येणार, यावर मिसळीच्या टेबलापासून रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे मतं तयार असतात. बहुतेक मतं पुढाऱ्यांवर येऊन थांबतात. पुढाऱ्यांचा वाटा आहेच. पण या प्रश्नाचा एक धागा हवेच्या हिशेबातून जातो आणि तो पकडून मागे गेलं की थेट दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात पोचायला होतं.

आधी इथलं सांगतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला. आज त्याला महाराजांचंच नाव आहे. पुढे बराच काळ रनवे १३७० मीटरचा होता, नंतर तो १९३० मीटरपर्यंत वाढवला गेला आणि योजना २३०० मीटरची आहे. एअरबस ए-३२० सारखं विमान पूर्ण भरून उडवायचं तर ही वाढ लागते. विमानं तर सगळीच हवेवर तरंगतात, मग एकाला कमी जागा पुरते आणि दुसऱ्याला का पुरत नाही?

याचं निम्मं उत्तर एका साध्या भागाकारात आहे. विमानाचं भरलेलं वजन घ्यायचं आणि पंखांच्या क्षेत्रफळानं भागायचं. एका चौरस मीटर पंखानं किती किलो पेलायचे ते कळतं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते पस मॉथ जातीच्या विमानातून. त्याचं भरलेलं वजन साधारण ९३० किलो आणि पंख साडेवीस चौरस मीटर, म्हणजे मीटरमागे ४५ किलो. आपल्या एटीआर-७२ या छोट्या प्रवासी विमानाचं वजन २३ टनांच्या आसपास आणि पंख ६१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३७५ किलो. ए-३२० मध्ये हाच आकडा सव्वासहाशेच्या पुढे जातो. पंखाची घडण तीच ठेवून ओझं चौपट केलं, तर जमीन सोडायला वेग दुप्पट लागतो. आणि वेग दुप्पट झाला की तो गाठायला लागणारी धाव नुसती दुप्पट होऊन भागत नाही, तीही चौपटीच्या घरात जाते. एकोणीसशे तीसच्या दशकातली विमानं मैदानावरून उडत होती, ती एवढ्या हलक्या हिशेबामुळे.

हा हिशेब मांडायची सुरुवात केली जॉर्ज केली या यॉर्कशायरच्या जमीनदारानं. त्याआधी उडायचं म्हणजे पक्ष्यासारखे पंख फडफडवायचे, एवढीच कल्पना होती. पक्ष्याचा पंख त्याला वर धरतो आणि तोच त्याला पुढेही ढकलतो. केलीनं ही दोन कामं वेगळी केली. १७९९ मध्ये त्यानं चांदीच्या एका छोट्या चकतीवर कोरून ठेवलं : एका बाजूला पंखावर येणारी बलं, दुसऱ्या बाजूला स्थिर पंख, शेपटी आणि पुढे ढकलायला वल्ही असलेलं यान. वर धरणारी ती उचल, मागे खेचणारा तो अडसर, आजच्या भाषेत लिफ्ट आणि ड्रॅग. नुसतं चित्र काढून तो थांबला नाही. १८०४ मध्ये गोल फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला पंखाचा तुकडा लावून त्यानं प्रत्यक्ष मोजमापं घेतली.

त्या वेळी माणूस हवेत पोचलेला होता, पण वेगळ्या वाटेनं. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसवर माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून दोघं जण उडाले. बलूनला पंखाचा हिशेब लागतच नाही. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास असतं. ती शंभर अंशांपर्यंत तापवली की साधारण पाव किलोनं हलकी होते, आणि तेवढीच तिची उचलायची ताकद. म्हणून दोन माणसांसाठी घराएवढा फुगा करावा लागतो आणि शिवाय वारा नेईल तिकडे जावं लागतं. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हे फुग्यावर तरंगणारं वायुजहाज जळालं आणि वायुजहाजांची प्रवासी कारकीर्द तिथेच संपली.

पंख उचलतो कसा, याबद्दल शाळेत आमच्या गळी एक गोष्ट उतरवली होती : वरची वाट लांब, खालची आखूड, वरच्या हवेला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोचायचं असतं म्हणून ती पळते. छान वाटते, पण चूक आहे. बरोबर पोचायचं बंधन हवेवर कुणी घातलेलं नाही, आणि मोजलं तर वरची हवा आधीच पोचलेली दिसते. आपला कागदी पतंग तर दोन्हीकडून सारखाच, तरी तो वर जातोच. खरी गोष्ट अशी की पंख किंचित तिरका धरला की तो येणाऱ्या हवेला खाली वळवतो, आणि हवा खाली गेली की पंख वर रेटला जातो. हे न्यूटनच्या बाजूनं सांगता येतं. वर दाब कमी आणि खाली जास्त असं बर्नुलीनं १७३८ मध्ये मांडलेल्या नियमाच्या बाजूनंही सांगता येतं. भांडण नाही, एकाच घटनेचे हे दोन जमाखर्च आहेत.

तो तिरकेपणा किती ठेवायचा, यातच सगळी गोम आहे. पतंगाला वरच्या-खालच्या भोकांतून जो दोरा बांधतात, त्याची गाठ बोटभर इकडेतिकडे सरकली की पतंग एकतर लोळतो नाहीतर गरगरतो. विमानाचंही तसंच. कोन वाढवत नेला की उचल वाढते, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, तरी बातम्यांत दर वेळी तसंच छापून येतं.

ऑटो लिलिएंथाल याच हद्दीवर गेला. या जर्मन इंजिनिअरनं १८९१ पासून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा बिनइंजिनाचे ग्लायडर उडवले. अंगाचा झोक देऊन तो तोल सांभाळायचा. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ग्लायडरचं नाक वर गेलं, तो झोक देत राहिला, पण ते खाली येईना. पंधराएक मीटरवरून पडून त्याचा मणका मोडला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

आपल्याकडे याच काळातली शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट सांगितली जाते, १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, पण किती वजन, किती पंख, किती वेग, यातलं एकही मोजमाप मागे राहिलेलं नाही. या गोष्टीशी ज्या ग्रंथाचं नाव जोडलं जातं, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये तपासला. त्यातली यानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तो पटतो.

राइट बंधूंचं वेगळेपण मोजमापातच आहे. १९०१ चं त्यांचं ग्लायडर हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल देत होतं. दुसरा कुणी असता तर पंख अजून मोठा केला असता. यांनी हिशेबावरच संशय घेतला. अमेरिकेतल्या डेटनच्या आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांब लाकडी खोका केला, एका तोंडाला पंखा लावला, आणि आत पंखांच्या चिमुकल्या नमुन्यांवरची बलं मोजायला काटा बसवला. तो काटा कशाचा? हॅकसॉच्या जुन्या ब्लेडांचा आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचा. आपल्या उद्यमनगरात लेथच्या बाजूला पडलेल्या भंगारातून कुणी फिक्श्चर जुळवावं, अगदी तसा. दोनशेच्या आसपास नमुने तपासल्यावर कळलं की हवेच्या रेट्याचा जो आकडा १७५९ पासून सगळे वापरत होते, तोच फुगवलेला होता. शिवाय लांब आणि अरुंद पंख आखूड-रुंद पंखापेक्षा कमी अडसरात जास्त उचलतो, हेही त्या खोक्यात दिसलं. एटीआरचे पंख लांबट आणि निमुळते असतात ते त्यामुळेच.

तोलाचं उत्तर त्यांना पक्ष्यांत आणि एका पुठ्ठ्यात सापडलं. ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळताना विल्बरच्या लक्षात आलं की एक टोक वर आणि दुसरं खाली वळतं. पंख असाच पिळला तर? सकाळी अकराच्या सुमाराला पंचगंगेच्या घाटावर मान वर करून बघा. ऊन चढलं की तापलेली हवा वर निघते आणि घारी तिच्यावर स्वार होतात. पाच-पाच मिनिटं पंख हलत नाही. हलते ती फक्त दुभंगलेली शेपटी, सुकाणू फिरवावं तशी डावीकडे-उजवीकडे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइटांचं यान पहिल्यांदा बारा सेकंद आणि १२० फूट उडलं. त्याचं इंजिन बारा हॉर्सपॉवरचं, दुकानातल्या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत केलेलं. पंखावर मीटरमागे ओझं जेमतेम सात किलो.

पुढचा इतिहास वेगानं उलगडला. १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्ल यांनी दाखवलं की पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थर सगळा खेळ ठरवतो. स्टॉल नेमका का होतो, ते त्यातून समजलं. १९३५ मध्ये जर्मनीच्याच बुझेमान यांनी मागे झुकवलेल्या पंखांची कल्पना मांडली, तेव्हा ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. आज बहुतेक प्रवासी जेटचे पंख तसे असतात. १९४७ मध्ये अमेरिकन वैमानिक चक येगर ध्वनीच्या वेगापुढे गेला. लढाऊ विमानांचं शास्त्र तिथून वेगळं होतं, म्हणून ते इथे सोडतो.

हेलिकॉप्टर मात्र सोडता येणार नाही. महापुरात हायवे पाण्याखाली गेला की शिरोळकडच्या लोकांना त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. हेलिकॉप्टरचं पातं म्हणजे फिरता पंखच. अडचण अशी की पुढे जाताना एका बाजूच्या पात्याला वारा समोरून भेटतो आणि दुसऱ्या बाजूच्याला पाठीमागून. एकीकडे उचल जास्त, दुसरीकडे कमी, आणि यंत्र कलंडतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वानं १९२३ च्या सुमाराला पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली, जास्त उचल मिळणारं पातं स्वतःच वर उचलू लागलं आणि फरक मिटला. बिजागरीसारखी क्षुल्लक वस्तू, पण तिच्यापाशी अनेकांची वर्षं अडली होती. सिकोर्स्कीचं हेलिकॉप्टर १९३९ मध्ये उडलं, म्हणजे आपला विमानतळ सुरू झाला त्याच वर्षी.

आता परत उजळाईवाडीला. हा रनवे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. समुद्रकाठी, पंधरा अंशांना, एक घनमीटर हवेचं वजन १.२२५ किलो धरतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर असला की तेच १.०६ किलोच्या आसपास उतरतं. पंखाला पकडायला तेवढी कमी हवा, म्हणून वेग जास्त हवा. आणि इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते, म्हणून तो वेग यायला वेळ लागतो. सकाळच्या गारव्यात जे विमान भरून निघतं, त्याच विमानाचं दुपारचं गणित पायलटला पुन्हा मांडावं लागतं : इतकं तापमान, असा वारा, एवढा रनवे, मग वजन किती? उत्तर कमी आलं तर इंधन, सामान नाहीतर प्रवासी, यातलं काहीतरी खाली ठेवावं लागतं.