हिऱ्याची पाठ आणि सोन्याच्या नख्या

अंगठीतला हिरा मंद दिसू लागला की बहुतेकांना वाटतं, त्याचं तेज उतरलं. हिऱ्याला काहीही झालेलं नसतं. त्याच्या पाठीला तूप लागलेलं असतं.

हिरा पाण्याला जवळ करत नाही, तेल-तुपाला मात्र लगेच धरतो. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींनी हाच स्वभाव कामाला लावला. फोडलेला दगड पाण्याबरोबर ग्रीस फासलेल्या उतरत्या मेजावरून सोडायचा. बाकीचे खडे वाहून जात, हिरे चिकटून राहत. कणीक मळताना, केसांना तेल लावताना बोटातली अंगठीही तेच करत असते.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, 2.42. त्यामुळे पाठीच्या पैलूवर आतून, पैलूच्या लंबापासून 24.4 अंशांपेक्षा जास्त कोनात आदळलेला किरण बाहेर न पडता मागे फिरतो. झगमगाट येतो तो यातून. पैलूला हवेऐवजी तेल टेकलं की ही मर्यादा साधारण 37 अंशांवर जाते आणि मधल्या कोनांतले किरण मागून निसटतात. म्हणून वरून कितीही पुसलं तरी फरक पडत नाही.

वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाका. दागिना वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने मागच्या बाजूने, जाळीतून घासा. कुड्यांच्या फिरकीपाशी तेलाचा काळा थर हमखास सापडतो. चहाच्या गाळणीत धरून धुवा, बेसिनवर कधीच नको. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटी प्यायच्या फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर वाळताना क्षारांचा नवा थर बसतो. टूथपेस्ट हिऱ्याला ओरखडत नाही, सोन्याला ओरखडते. नथीतले मोती, पाचू आणि मागे लाख भरलेलं कुंदन यांना हे स्नान घालू नका. ओलसर कापडाने पुसणं पुरे.

खरी काळजी हवी ती कोंदणाची. हिरा धरून ठेवणारे प्रॉंग, म्हणजे सोन्याच्या नख्या, टोकाला बारीक असतात. लोकलमध्ये कडी धरली की लोखंड त्यांच्यावरच घासतं. बारबेलचा दांडा, भाजीच्या पिशवीचे बंद, कणकेची परात, सगळ्यांचा मार तिथेच. तरणतलावातलं क्लोरीन 14 आणि 18 कॅरेट सोन्यात मिसळलेल्या धातूंना खातं. निकेल असलेल्या पांढऱ्या सोन्याच्या नख्या तर न झिजताच तडकू शकतात.

तपासणी सोपी आहे. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा; खुळखुळ आली तर खडा हलतोय. रेशमी पदरावरून अलगद फिरवा. धागा अडकला तर नखी उचललेली आहे. दहापट भिंगातून नखीचं टोक गोल आणि हिऱ्याला टेकलेलं दिसायला हवं. चपटं, कागदासारखं झालेलं टोक सोनाराकडून भरून घ्यावं लागतं. चौकोनी प्रिन्सेस कटचे कोपरे सर्वात नाजूक: हिरा कठीण असला तरी चार दिशांनी फुटू शकतो, तिथे कोपरा झाकणारी व्ही आकाराची नखीच हवी. रोज वापरातल्या अंगठीची सहा महिन्यांनी तपासणी पुरेशी.

सोनाराकडे देताना एकूण वजन चिठ्ठीवर लिहून घ्या. पॉलिश दर वेळी थोडं सोनं नेतं, त्यामुळे उगाच चकाकीसाठी पॉलिश करणं मला तरी पटत नाही. हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला प्रमाणपत्राचा क्रमांक असेल तर देताना आणि घेताना, दोन्ही वेळा भिंगातून पाहा.

कपाटात प्रत्येक दागिना वेगळ्या पुडीत. हिऱ्याला ओरखडा काढतो तो दुसरा हिराच, आणि शेजारच्या सोन्याची तर धडगतच नाही.

तरीही खडा पडलाच, तर झाडू उचलू नका. दिवे मालवा, टॉर्च फरशीवर आडवा ठेवा आणि प्रकाश हळूहळू फिरवा. त्या दिवशीचा केर मात्र सापडेपर्यंत घरातच.