एआयनं सोडवलं, पण जमलं कोणाला?

विंटर परीक्षा जवळ आली की नागपूरच्या कॉलेजांमध्ये सबमिशनची धावपळ सुरू होते, आणि हल्ली बरीच पोरं असाइनमेंट सरळ चॅटजीपीटीत टाकून मोकळी होतात. मग सर-मॅडम म्हणतात, यांना शिकायची इच्छाच राहिली नाही. पण आधी इच्छा आणि मग अभ्यास असं थोडीच असते, बरेचदा उलटंच होते, गणित अडते, डोकं खाजवावं लागते, मग कधीतरी सुटते आणि त्या सुटण्यातूनच पुढचं करावंसं वाटते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलं. आतून ओढ वाटायला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवायची मोकळीक, हे मला जमते अशी खात्री आणि सोबतच्या माणसांशी जुळलेलं नातं. तयार उत्तर मिळालं की ती खात्रीच येत नाही. फाईल पूर्ण, मार्कही मिळाले, पण पुढच्या युनिटची भीती अजून वाढते आणि पुन्हा एआय.

तुर्कस्तानात शाळकरी मुलांवर गणिताचा मोठा प्रयोग झाला, २०२५ मध्ये छापून आला. चॅटजीपीटीसारखं टूल दिलेल्या मुलांचे सरावातले मार्क ४८ टक्क्यांनी वाढले, पण टूल काढून परीक्षा घेतली तर ज्यांना ते मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे! आणि आपण मागे पडलो हे त्यांना जाणवलंही नाही. दुसऱ्या एका गटाचं टूल मात्र उत्तर न देता हिंट द्यायचं, तिथे परीक्षेतलं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. प्रयोग शाळेतला आहे, कॉलेजचा नाही, तरी मला यात खूप आशा दिसते.

कारण गडचिरोली-गोंदियाकडून बारावीपर्यंत मराठीत शिकून इथे आलेलं पोरगं वर्गात हात वर करत नाही, लाजते. त्याला रात्री होस्टेलवर एंट्रॉपीसारखी फिजिक्समधली अवघड कल्पना मराठीत, चारदा विचारलं तरी न चिडता समजावणारं एआय मिळते ही लहान गोष्ट नाही. फक्त "सोडवून दे" म्हणायचं नाही, "मी इथपर्यंत आलो, कुठे चुकलं तेवढं सांग, उत्तर सांगू नको" असं लिहायचं, आणि पुस्तकाशी ताडून पाहायचं, कारण एआय चुकीचं पण तितक्याच ठामपणे सांगते.

कॉलेजांनीही फाईलची जाडी पाहून मार्क देणं सोडावं. पोराला दोन मिनिटं समोर बसवून विचारावं, ही स्टेप का घेतलीस? भरलेल्या वर्गात अवघड आहे, पण प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये नक्की जमते.