फुलोऱ्याचा हंगाम आणि घोड्याची धाप

श्रावणात मका तुऱ्यावर आला की शहादा-शिरपूर पट्ट्यात एखादा घोडेवाला हटकून सांगतो, "मकाले तुरा उना, का घोडाले दम लागस." घोडा खोकतो, नाकातून पांढरट शेंबूड येतो, टांग्याला जुंपल्यावर पूर्वीइतके अंतर कापत नाही आणि तबेल्यामागे नेमका फुललेला मका उभा असतो. ही तक्रार खरी असते आणि तिच्यातला हंगामाचा धागाही खरा असतो, परंतु दोष मक्याच्या तुऱ्यावर ठेवण्यापूर्वी त्या पिवळ्या भुकटीचे माप घेतले पाहिजे.

सकाळी दव ओसरल्यावर मक्याच्या तुऱ्याला बोटाने टिचकी मारली तर खालच्या पानाच्या पन्हळीत परागकणांचा पिवळसर थर साचलेला सहज दिसतो. एका तुऱ्यातून असे लाखो कण सुटतात. मात्र मक्याचा एक कण साधारण ८० ते १०० मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा असतो आणि शांत हवेत तो सेकंदाला २० ते ३० सेंटीमीटर या वेगाने खाली येतो. त्यामुळे बहुतेक कण शेताच्या बांधापासून थोड्याच अंतरावर जमिनीला टेकतात. कपाशीचा परागकण तर मोठा, काटेरी आणि चिकट असतो. तो मधमाश्यांच्या अंगाला लागून जातो, वाऱ्यावर फारसा जात नाही. गहू बहुतांशी स्वपरागित असल्याने हवेत थोडेच पराग सोडतो. रावेर-यावलच्या केळीबागांवर तर आळ घेण्याचेच कारण नाही, कारण आपण लावतो त्या केळीच्या जाती जवळजवळ वांझ असतात आणि त्यांच्या फुलांत कामाचे पराग नसतातच. उरतात ती ज्वारी, बाजरी, बांधावरची गवते आणि गाजरगवत. यांचे कण मक्याच्या कणांहून लहान असल्याने हवेत अधिक काळ तरंगतात.

तरीही अख्खा परागकण घोड्याच्या फुप्फुसाच्या तळापर्यंत क्वचितच पोहोचतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याची सारी हवा नाकातूनच जाते आणि लांबलचक नाकाच्या ओलसर वळणांत मोठे कण अडकून पडतात. साधारण ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणच श्वासनलिकांच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत जातात. अर्थात घोड्याच्या आत जाणारी हवा आपल्या कल्पनेपेक्षा फार जास्त असते. उभा असलेला घोडा मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो, प्रत्येक श्वासात सुमारे ५ लिटर हवा ओढतो आणि भरधाव दौडताना हेच प्रमाण मिनिटाला दीड हजार लिटरच्या घरात जाते. ज्या हवेत माणसाला केवळ शिंक येते, त्याच हवेतून घोड्याच्या छातीत कितीतरी पट अधिक धूळ उतरत असते.

पावसाळी हवेत मात्र हे गणित बदलते. गवताचा परागकण पाणी शोषून फुगतो, फुटतो आणि त्यातून स्टार्चचे शेकडो सूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण ३ मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात आणि ॲलर्जी उठवणारी प्रथिने सोबत घेऊन सरळ फुप्फुसात जातात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात गडगडाटी वादळानंतर हजारो माणसांना एकाच संध्याकाळी दम्याचे झटके आले आणि १० जण दगावले, त्यामागे अशाच फुटलेल्या गवत-परागांचा मोठा हात होता. घोड्यांमध्येही, अमेरिकेच्या उष्ण-दमट आग्नेय भागात, उन्हाळ्यात कुरणात चरणाऱ्या जनावरांना होणारा दमा पशुवैद्यकांना चांगला परिचित आहे आणि त्याचा संशय गवताच्या परागांवर व बुरशीच्या बीजाणूंवर घेतला जातो. श्रावण-भाद्रपदात तापीकाठची हवा अशीच उबदार आणि ओलसर असते. म्हणून त्या दिवसांत बांधावरच्या फुललेल्या गवतात चरून आल्यावर खोकणाऱ्या घोड्याच्या मालकाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही.

परंतु हाच घोडा मार्गशीर्षातही खोकत असेल, तर दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निसवली आहे म्हणून शेताकडे बोट दाखवण्याआधी कडब्याची पेंढी सोडून पाहावी. माझ्या मते खानदेशातील घोड्यांच्या धापेचे मोठे कारण या पेंढीत आहे. अवकाळी पावसात भिजलेला आणि पुरता न वाळवता गंजीत रचलेला कडबा आतून तापतो आणि त्यात बुरशी धरते. अशी पेंढी उन्हाच्या तिरिपेत झटकली की करडा धूर उठल्यासारखे दिसते आणि कुबट वास नाकात जातो. तो धूर म्हणजे २ ते ५ मायक्रोमीटर आकाराचे बीजाणू, म्हणजे थेट फुप्फुसात उतरणाऱ्या मापाचे. घोडा तासन्‌तास त्यातच नाक खुपसून खातो. सुक्या भरड्याचा किंवा भुशाचा तोबरा तोंडाला बांधला तर उडालेली धूळ नाकापुढेच कोंडून राहते.

पूर्वी निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या विकारांना २०१६ पासून 'अश्वदमा' असे एकच नाव रूढ होत गेले आहे. सौम्य प्रकारात अधूनमधून खोकला आणि कामात मागे पडणे एवढेच दिसते. तीव्र प्रकार बहुधा सात वर्षांपुढच्या घोड्यांत आढळतो. त्यात उभ्याउभ्याच नाकपुड्या फुलतात आणि आत अडकलेली हवा बाहेर ढकलण्यासाठी पोट दुसऱ्यांदा आवळले जाते. महिनोन्‌महिने असे चालले की बरगड्यांच्या मागच्या कडेने कुशीवर एक तिरकी खाच उमटते. या आजारात सहसा ताप नसतो आणि घोडा बऱ्यापैकी खातो. ताप असेल, जबड्याखाली गाठी आल्या असतील किंवा नाकातून पू येत असेल तर तो संसर्ग समजून घोडा वेगळा बांधावा आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवावे. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो आणि त्याची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे.

दम्यावर श्वासनलिका मोकळ्या करणारी आणि सूज उतरवणारी औषधे आहेत, पण स्टेरॉइड घोड्याच्या खुरांवर उलटू शकते, म्हणून ती पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच द्यावीत. धूळ तशीच राहिली तर औषध थांबताच धाप परत येते. कडबा किंवा कुट्टी अर्धा तास पाण्यात भिजवून, निथळून आणि पुन्हा सुकण्याआधी खाऊ घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चारा जमिनीलगत ठेवावा, कारण मान खाली गेली की श्वासनलिकेतला चिकटा आपोआप बाहेर वाहतो. घोडा आत बांधलेला असताना कुट्टीचे यंत्र चालवू नये, झाडलोट करू नये आणि मुताचा उग्र वास साचू देऊ नये. सुक्याऐवजी हिरवे द्यायचे तर लसूणघास द्यावा. कोवळी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये, तिच्यात विषारी सायनाइड तयार होते.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोकळ्या हवेत ठेवलेल्या घोड्याचा दमा दबलेला असू शकतो आणि तो घरच्या बंदिस्त तबेल्यात, कोरड्या कडब्यावर पुन्हा वर येतो. म्हणून चाल पाहून झाल्यावर, घोडा थंडावला की, त्याच्यासमोर कोरडा कडबा टाकायला लावावा आणि बाजूला उभे राहून कुशीची वरखाली एक मिनिटभर मोजावी. आकडा १६ च्या पुढे गेला किंवा प्रत्येक श्वासाच्या शेवटी पोट दोनदा आवळले जाताना दिसले, तर पैसे देण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून छाती तपासून घ्यावी.