ऋषीगंगा
उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील लहान, पण अतिशय वेगवान नदी. नंदादेवी (७,८१६ मी.) शिखराच्या पायथ्याच्या हिमनद्यांचे पाणी घेऊन ती पश्चिमेकडे वाहते व रैणी गावाजवळ धौलीगंगेला मिळते. धौलीगंगा पुढे विष्णुप्रयागला अलकनंदेत जाते.

नंदादेवीभोवती दुनागिरी (७,०६६ मी.), चांगबांग (६,८६४ मी.), त्रिशूल (७,१२० मी.) अशा शिखरांचे कडे आहे. ते भेदून पाण्याला बाहेर पडायला एकच वाट आहे : ऋषीगंगेने कोरलेली खोल घळ. १९३४ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन व बिल टिलमन तीन शेर्पांसह या घळीतून आतल्या खोऱ्यात पोहोचले, आणि नंदादेवी शिखराची वाट खऱ्या अर्थाने तेव्हा खुली झाली. दोनच वर्षांनी टिलमन व नोएल ओडेल माथ्यावर उभे राहिले.

गिर्यारोहणाच्या इतिहासात मागे पडतात ती खालची गावे. लाता आणि रैणी ही भोटिया समाजाची वस्ती. लाता येथे नंदादेवीचे मंदिर आहे. २६ मार्च १९७४ रोजी रैणीच्या जंगलात झाडे तोडायला मजूर आले. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेर गेले होते. गौरादेवी सत्तावीस बायका-मुलींना घेऊन जंगलात गेल्या व झाडांना कवटाळून उभ्या राहिल्या. चिपको आंदोलनातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस मानावा लागेल. १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले, १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण चराईबंदीने याच गावांची उंचावरची कुरणे गेली.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रौंठी शिखराच्या उत्तर उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक व बर्फ खाली कोसळले. हिमसरोवर फुटले असावे, हा सुरुवातीचा अंदाज चुकीचा ठरला. घसरताना घर्षणाने बर्फ वितळला आणि चिखल-दगडांचा लोंढा रौंठी गाड या ओढ्यातून ऋषीगंगेत शिरला. रैणीजवळचा १३.२ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, धौलीगंगेवरच्या तपोवन जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रैणीखालची जमीन खचू लागली, तेव्हा गौरादेवींचा पुतळाही गावातून हलवावा लागला.